‘अधिक करू की वजा?’ : तिसरीतल्या मुलाच्या आईला

पत्र

बाई, नमस्कार.

आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगा तिसरीत आहे. शाळा मराठी माध्यमाची, पण पहिलीपासून सेमी इंग्रजी, म्हणजे गणित इंग्रजीतून. वेळ दुपारची. पहिली-दुसरीत बाई भेटल्या की कौतुकच करायच्या. यंदा सहामाहीपासून मात्र सगळं बिनसलंय. फळ्यावरचं अर्धंच लिहून आणतो, विचारलं तर ‘बाईंनी पुसलं’ म्हणतो. उभी मांडलेली बेरीज-वजाबाकी करतो, पण शाब्दिक उदाहरण आलं की वाचायच्या आधीच माझ्या तोंडाकडे बघून विचारतो, ‘अधिक करू की वजा?’ सासरे रोज संध्याकाळी त्याच्याकडून परवचा म्हणून घेतात. पाढे धडाधडा म्हणतो, आणि मध्येच ‘सात सक?’ विचारलं की गप्प. गेल्या वर्षी प्रगतिपुस्तकात अ-१ होतं, आता मराठीत आणि गणितात ब-१. शाळेत काय झालं म्हणून विचारलं की एकच उत्तर : ‘काही नाही.’

मी महापेला नोकरी करते, सव्वासातला घरी पोचते. सगळं उरकून त्याला अभ्यासाला बसवेपर्यंत नऊ वाजतात आणि मग रडारड. समोरच्या फ्लॅटमधली त्याच्याच वर्गातली मुलगी अबॅकसला जाते, शिवाय आता चौथीच्या स्कॉलरशिपचाही क्लास लावलाय. मिस्टर म्हणतात, अजून वेळ आहे, सीबीएसईत घालू. तिसरीच्या मुलाला नेमकं काय काय यायला हवं? तो मागे पडलाय का? ट्यूशन लावू का?

एक आई, ऐरोली

उत्तर

नमस्कार.

आधी त्या ब-१ चं बघू, कारण घरातली शांतता त्यानेच घालवलेली दिसते. आपल्याकडच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचे ७० गुण आणि संकलितचे ३० असतात. आकारिक म्हणजे वर्षभर वर्गात चालता-बोलता बघितलं जातं ते : तोंडी काम, कृती, प्रकल्प, छोट्या चाचण्या. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा. तिसरी-चौथीला हे प्रमाण ६० आणि ४० होतं, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं. म्हणजे तुमचा मुलगा होता तिथेच असला, तरी मोजमाप कागद-पेन्सिलीकडे सरकलं आहे. बोलक्या, चुणचुणीत मुलांना हा बदल जास्त लागतो. तोंडी विचारलं की पटापट सांगणारी पोरं, लिहायचं म्हटलं की ढेपाळतात. शिवाय अ-१ म्हणजे ९१ आणि त्यापुढे, ब-१ म्हणजे ७१ ते ८०. ७१ ते ८० मिळवणाऱ्या मुलाला मागे पडलेला म्हणायला मी तरी तयार नाही. पण घसरण दोन विषयांत एकदम झाली आहे आणि तुम्ही लिहिलेल्या बाकीच्या खुणा तिच्याशी जुळतात, तेव्हा तिकडे लक्ष द्यायला हवं, हेही खरं.

पहिली-दुसरीच्या वर्गात काय चालतं ते आठवा. बाई प्रश्न मोठ्याने वाचतात, समजावून सांगतात, फळ्यावर एक उदाहरण सोडवून दाखवतात, मग मुलं करतात. तिसरीत बाई म्हणतात, ‘पान अमुक, वाचा आणि सोडवा.’ या वर्षाचा सगळा बदल त्या ‘वाचा’मध्ये आहे. आतापर्यंत मूल वाचायला शिकत होतं. आता त्याने वाचून पुढचं शिकावं असं गृहीत धरलं जातं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नेमकी इथेच रेघ ओढली आहे : बालवाडीपासून दुसरीपर्यंत पायाभूत स्तर, तिसरी ते पाचवी पूर्वतयारी स्तर. अडचण अशी की धोरणातली रेघ एका दिवसात ओलांडता येते, मुलाला वर्ष लागतं. तुमचा मुलगा तुमच्या तोंडाकडे बघून ‘अधिक की वजा’ विचारतो, तेव्हा तो अजून रेघेच्या अलीकडच्या बाजूला उभा आहे. कुणीतरी प्रश्न वाचून अर्थ सांगेल, मग मी करीन, अशी त्याची सवय आहे. हिशेब त्याला येतो आहे.

काय यायला हवं, असं तुम्ही विचारलंय. जुलै २०२१ मध्ये केंद्राने निपुण भारत अभियान सुरू केलं, त्यात तिसरीअखेरचं लक्ष्य सरळ लिहून ठेवलंय. वयाला साजेसा, आधी न वाचलेला मजकूर मिनिटाला किमान ६० शब्दांच्या वेगाने, अर्थ कळून वाचता यावा. ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. गुणाकाराची साधी उदाहरणं सोडवता यावीत. बस, एवढंच. पुस्तकात याहून बरंच असतं : हातच्याची बेरीज, उसनं घेऊन वजाबाकी, भागाकाराची सुरुवात, अर्धा-पाव-पाऊण, घड्याळ, मीटर-लीटर. पण तळाशी काय असायला हवं ते वरच्या तीन ओळींत आलं. (मोबाइलचं स्टॉपवॉच लावून त्याच्यासमोर बसू नका. ६० आकडा अंदाजासाठी आहे. घड्याळ बघितलं की चांगला वाचणारा मुलगाही तोतरा होतो.)

या रविवारी एवढं करा. त्याच्या पाठ्यपुस्तकातलं नको, ते त्याला पाठ असेल. लहान मुलांचं एखादं मासिक घ्या किंवा वर्तमानपत्राच्या बालपुरवणीतला अर्धा पान मजकूर घ्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. मध्ये टोकू नका, नुसतं ऐका. तो एकेक अक्षर जुळवतो की शब्द एकदम उचलतो? ‘पर्वत’ आणि ‘प्रवास’ वाचताना थबकतो का? रफार आणि जोडाक्षरांत मुलं दुसरीपासून अडखळत आलेली असतात, पण पाठ तोंडपाठ असल्यामुळे ते झाकलं गेलेलं असतं. ओळ सुटते का? पूर्णविरामाला थांबतो का? आणि वाचून झाल्यावर पुस्तक मिटून विचारा, ‘काय झालं यात?’ सफाईने वाचूनही गोष्ट सांगता आली नाही, तर वेग आहे पण अर्थ सुटतो आहे. अडखळत वाचूनही गोष्ट सांगितली, तर काळजी कमी करा, सरावाने सुटेल.

आता तुमच्या शाब्दिक उदाहरणांकडे येते. इथे तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, तुम्ही ती सहज लिहून गेलात : गणित इंग्रजीतून. मराठीत वाचायला आत्ता कुठे सरावलेला मुलगा इंग्रजीत लिहिलेली गोष्ट वाचतो, ती समजून घेतो आणि मग हिशेब करतो. तीन कामं आहेत ती. तेव्हा तेच उदाहरण तुम्ही मराठीत, तोंडी सांगून बघा. ‘समीरकडे २४ गोट्या आहेत, रियाकडे ३९ आहेत. रियाकडे किती जास्त?’ मराठीत ऐकून त्याने पंधरा सांगितलं, तर त्याचं गणित ठणठणीत आहे आणि अडचण इंग्रजी वाचनाची आहे. मराठीतही त्याने ६३ सांगितलं, तर ‘जास्त’ शब्द ऐकून त्याने बेरीज केली. ही चूक तिसरीच्या प्रत्येक वर्गात सापडते, आणि ती मोठ्यांनीच शिकवलेली असते. ‘एकूण’, ‘जास्त’, ‘ऑल्टुगेदर’, ‘मोअर’ दिसलं की अधिक. ‘उरले’, ‘लेफ्ट’ दिसलं की वजा, असे शॉर्टकट आपण देतो. दुसरीत ते चालून जातात. तिसरीत ‘हाऊ मेनी मोअर’ येतं आणि शॉर्टकट उलटतो.

त्यावर उपाय सोपा आहे, फक्त चिकाटी लागते. उदाहरण वाचून झालं की त्याला आकडे सोडून गोष्ट सांगायला लावा : कोण आहे, त्याच्याकडे काय आहे, कमी झालं की वाढलं की दोघांची तुलना चालली आहे. मग कागदावर रेघोट्या, चौकोन, काय हवं ते काढू द्या. हिशेब शेवटी. एखाद्या दिवशी हिशेब नाही केला तरी चालेल, गोष्ट आणि चित्र पुरे. कधी उलट करा. ‘५६ वजा १९ ची एक गोष्ट तयार कर’ म्हणा. ज्याला गोष्ट रचता येते तो ‘अधिक की वजा’ विचारत नाही. आणि तो विचारेल तेव्हा उत्तर देऊ नका. ‘तुला काय वाटतं, वाढलं की घटलं?’ एवढंच म्हणून गप्प राहा. नऊ वाजता, थकलेल्या आईला हे किती जड जातं ते मला कळतं. ‘वजा कर रे, आटप’ म्हणणं फार सोपं असतं, म्हणूनच तो तुमच्या तोंडाकडे बघतो.

आणखी एक, जरा बाजूचं. पूर्वी मुलं वाण्याकडे जायची, नोट द्यायची, सुटे मोजून आणायची. आता आपण दुकानदाराच्या क्यूआर कोडसमोर फोन धरतो आणि निघतो. मुलाला पैसे दिसतच नाहीत. त्याच्या हातात आठवड्यातून दोनदा रोख पन्नासची नोट द्या, कोथिंबीर, लिंबं, बिस्किटं आणू द्या, किती परत आले ते त्यालाच सांगू द्या. पुस्तकातला रुपये-पैशांचा धडा यानेच पक्का होतो.

पाढे. आजोबांना थांबवू नका, कृपा करून. परवचा उत्तम आहे. तालात म्हटलेले पाढे जन्मभर राहतात. मात्र ताल तुटला की पाढा तुटतो, हे तुम्हीही पाहिलंत. पुन्हा भाषा आलीच : आजोबा ‘सात सक बेचाळीस’ म्हणवून घेतात, वर्गात ‘सेव्हन सिक्सेस आर फॉर्टी टू’ चालतं. मराठीत ‘बेचाळीस’ म्हणताना आधी दोन येतात, मग चाळीस, लिहायचं उलट. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असं संख्यावाचन दिलं तेव्हा केवढी टिंगल झाली होती, आठवत असेल. ज्यांनी कधी एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळलेल्या वर्गासमोर उभं राहून शिकवलंय, त्यांना त्यामागची अडचण ठाऊक होती. असो. आजोबांना एवढंच सांगा की पाढा म्हणून झाला की मधलेच चार प्रश्न विचारा. ‘सात सक’ अडलं तर पहिल्यापासून म्हणू देऊ नका. ‘साता पाचा किती? पस्तीस. त्यात अजून एक सात घाल.’ सात सक आणि सहा साते एकच, हे चण्यांच्या ओळी मांडून दाखवा. सातच्या सहा ओळी, ताट आडवं फिरवलं की सहाच्या सात. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की निम्मे पाढे पाठ करायचे वाचतात. आजोबांना हे काम आवडेल.

फळ्यावरचं अर्धवट राहतं, यासाठी अभ्यासाआधी डोळे तपासून घ्या. खरंच. याच आठवड्यात. या वयात चष्मा लागणारी मुलं बरीच असतात आणि ती कधीच सांगत नाहीत की दिसत नाही. सगळ्यांना असंच दिसतं, असं त्यांना वाटतं. मग ‘बाईंनी पुसलं’ येतं. टीव्हीजवळ जाऊन बसतो का, डोळे बारीक करतो का, कितव्या बाकावर बसतो, तेही बघा. डोळे चांगले निघाले, तर पुढचा संशय लिहिण्याच्या वेगावर. घरी एक परिच्छेद बघून उतरवायला द्या. प्रत्येक अक्षरासाठी मान वर करतो की तीन-चार शब्द एकदम डोक्यात धरून लिहितो? अक्षरागणिक वर बघणाऱ्या मुलाला कुठलीच बाई पुरी पडत नाही. हेही फिरून वाचनापाशीच येतं. शब्द ओळखीचा असला तर तो एका नजरेत उचलता येतो.

परिसर अभ्यासाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे तिथे तक्रार नसावी. मला तिसरीतला हा सगळ्यात लाडका विषय. बालभारतीने तिसरीसाठी जिल्ह्यावार वेगळी पुस्तकं काढली, त्यामुळे तुमच्या भागातल्या मुलांच्या हाती ठाणे जिल्ह्याचं पुस्तक आलं. त्यात वाचलेलं तुमच्या दारात आहे. खाडी ऐरोलीच्या पुलाखाली आहे, २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेली. सागरी जैवविविधता केंद्र ऐरोलीतच आहे, मोसमात रोहित पक्षी दिसतात. नकाशा पुढ्यात घेऊन त्याला विचारा, बेलापूर कुठल्या जिल्ह्यात? ठाणे. आणि लगेच पुढचं खारघर? रायगड. नवी मुंबईला पाणी पुरवणारं मोरबे धरण कुठे? तेही रायगडात. आपण नवी मुंबई एकच म्हणतो आणि जिल्ह्याची सीमा मधूनच जाते, याची मुलांना फार गंमत वाटते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, त्याआधीचा ठाणे जिल्हा केवढा होता, तो आजोबांनी नकाशावर बोट फिरवून दाखवावा. अशा गप्पांतून तो वाचायला आपणहून पुस्तक ओढेल. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे, ऐरोलीहून ट्रान्स हार्बर लोकलने जवळच. एखाद्या शनिवारी घेऊन जा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. तुमच्या मते ते फार सोपं किंवा फार चित्रांचं असलं तरी.

‘काही नाही’ म्हणणं या वयाचंच आहे, त्याचं मनावर घेऊ नका. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घराबाहेरचं स्वतःचं जग सापडतं. कोण कुणाच्या गटात, कुणाशी कट्टी, कुणाला डब्यातलं दिलं, कुणी चिडवलं. तो स्वतःला इतरांशी ताडूनही बघायला लागतो : वर्गात कोण हुशार, कोण मठ्ठ, हे बाईंनी न सांगता मुलं ठरवून मोकळी होतात. शेजारची मुलगी त्याच वर्गात आहे, हे तुम्ही लिहिलंत. तिचं नाव घरात दिवसातून किती वेळा निघतं, एवढं बघा. बाकी, दारात पाऊल टाकताच ‘काय झालं आज’ विचारण्यापेक्षा रात्री अंथरुणावर पडल्यावर विचारा, ‘आज डबा कुणाबरोबर खाल्लास?’ बोलेल. मात्र पोट दुखण्याचं निमित्त, शाळेत जायला रोजची टाळाटाळ, वस्तू हरवत राहणं असं काही दिसलं तर ते या वयाचं म्हणून सोडून देऊ नका. बाईंना भेटा.

अभ्यासाची वेळ बदला. शाळा दुपारची, सकाळ मोकळी, आजोबा घरी. नऊला रडत करण्याचा अभ्यास सकाळी नऊला हसत होईल. शालेय दप्तर धोरण २०२० मध्ये आलं, त्यात पहिली-दुसरीला गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं म्हटलंय. आठवड्याला, दिवसाला नव्हे. (त्याच धोरणात तिसरी ते पाचवीच्या दप्तराचं वजन १.७ ते २.५ किलो आहे. एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा.) शाळेने कितीही दिलं तरी सकाळी पाऊण तासापलीकडे बसवू नका. तुम्ही संध्याकाळी घरी आलात की वही मागायची नाही. वीस मिनिटं शेजारी बसून वाचायचं, एक पान तुम्ही, एक पान त्याने. दप्तर मात्र त्याचं त्यानेच भरायचं, वेळापत्रक बघून. एखादं पुस्तक राहील, बाई बोलतील, ते त्याला ऐकू द्या. आणि साडेनऊपर्यंत दिवा बंद. या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते.

आता क्लासचं. ट्यूशन आत्ता लावू नका. ट्यूशनला काय होतं ते मी बघितलं आहे : वही पूर्ण होते, ताई-दादा शेजारी बसून प्रश्न वाचून दाखवतात, मूल उत्तर लिहितं, आई निश्चिंत. त्याची जी सवय मोडायची तीच ट्यूशन पैसे घेऊन जपतं. अबॅकसने आकडेमोडीचा वेग वाढेल कदाचित, पण आकडेमोड त्याला येतेच आहे. राहिली स्कॉलरशिप. शिष्यवृत्ती परीक्षा मधली काही वर्षं पाचवी आणि आठवीला होती, आता पुन्हा चौथी-सातवीला आली, म्हणून सगळ्या क्लासवाल्यांनी तिसरीच्या पालकांकडे मोर्चा वळवलाय. परीक्षा ऐच्छिक आहे. पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. उतारे वाचून, पर्याय वाचून, विचार करून उत्तर निवडायचं. ज्याला वाचायला त्रास होतो तो या परीक्षेत आधी वेळेत मागे पडतो. तिसरीत वाचन सुधारलं तर चौथीत बसवायचं की नाही ते तेव्हा ठरवता येईल. शेजारच्या मुलीला ते आवडत असेल, तर जाऊ दे बिचारी. तिच्या आईला तुम्ही पत्र लिहायला सांगितलेलं नाही आणि मीही तिला सल्ला देत नाही.

बोर्ड बदलण्याबद्दल तुमच्या मिस्टरांना सांगा, या कारणासाठी नको. सीबीएसईत गेल्यावर तिसरी-चौथीची ही उडी चुकत नाही. तिथे तर परिसर अभ्यास हा वेगळा विषयच तिसरीपासून सुरू होतो. एनसीईआरटीने २०२४ मध्ये तिसरीची नवी पुस्तकं आणली, आपल्या राज्यातही २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम यायला सुरुवात झाली. दोन्हीकडे धोरण एकच. त्यात तुमच्या मुलाला आणखी एक भाषा बदलावी लागेल. आत्ताच दोन भाषांत तो अडकलाय. पुढे कधी बदली वा घर बदलण्यामुळे शाळा बदलायची झाली तर गोष्ट वेगळी.

एक गोष्ट घाबरवायला नाही, पण सांगायला हवी. तिसरी हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. २०१८ मध्ये केंद्राने अध्ययन अक्षमतेबाबत, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीबाबत, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी मुलांची प्राथमिक चाळणी करावी असं म्हटलंय. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्रही आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. त्याआधी घ, ध किंवा भ, म यांत गोंधळणं, काना-मात्रा विसरणं हे शिकण्याचाच भाग असू शकतं, म्हणून थांबतात. वर सांगितलेलं सगळं दोन-तीन महिने नेटाने करूनही तो अक्षरं जुळवतच वाचत राहिला, तोंडी नेमकं सांगणारा मुलगा लिहिताना शब्दच्या शब्द गाळत राहिला, संख्यांचे अंक उलटे लिहीत राहिला, तर वर्षअखेरीची वाट बघू नका. आधी डोळे आणि कान, मग बालरोगतज्ज्ञ, मग मानसशास्त्रज्ञाकडून चाचण्या, असा क्रम असतो. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात याचं बाह्यरुग्ण क्लिनिक आहे. महापालिकेचं रुग्णालय असल्यामुळे रांग असते, पण खर्चाचा बोजा पडत नाही. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथेही विचारता येईल. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. गुण ७१ च्या वर आहेत, पहिली-दुसरीत तक्रार नव्हती. पण पत्रावरून सांगणं आणि मुलाला बघून सांगणं यात फरक आहे.

आणि वर्गातल्या बाईंना भेटा, पालकसभेत नव्हे, वेगळी वेळ मागून. पालकसभेत चाळीस पालक आणि एक बाई असतात. जाताना फळ्यावरून उतरवलेली वही आणि घरी केलेली वही, दोन्ही न्या. शाळा अनुदानित असेल, तर तिसरीला भाषा, गणित आणि इंग्रजीच्या पॅट, म्हणजे राज्याच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात. त्याची उत्तरपत्रिका दाखवता येईल का ते विचारा. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीपेक्षा ती जास्त बोलेल : कुठला प्रश्न कोरा सोडला, कुठे वाचलंच नाही, कुठे हातचा विसरला. ‘तो वर्गात स्वतः वाचून सोडवतो का, की शेजाऱ्याकडे बघतो?’ हा प्रश्न नक्की विचारा. तो पुढच्या बाकावर बसू शकेल का, हेही विचारा, चष्म्याचा निकाल येईपर्यंत तरी. आणि बाई म्हणाल्या की ‘हुशार आहे हो, पण लक्ष नसतं’, तर हसून विचारा, ‘कुठल्या तासाला?’ सगळ्या तासांना लक्ष नसणं आणि फक्त गणिताच्या तासाला नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचं उत्तर आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा निकाल मला कळवा. मग इंग्रजी वाचनाचं काय करायचं ते बोलू.